घराकडे तोंड करून

आम्ही काटेरी तारेचं कुंपण मागितलं होतं. मोजणीसाहेब मागितला नव्हता.

झालं असं, की पावसाळा सरता सरता खाणीच्या तोंडावरच्या उतारावर, जिथून लाकूडफाट्याची वाट जाते, तिथं एका सकाळी जमीन बसली. बैलगाडी मावेल एवढं भोक पडलं. शिंपीणबाईंची शेळी त्यात पडली. शेळी आपली आपण वर आली आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात चरायला लागली. अंथरूण धरलं ते शिंपीणबाईंनी. मग आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, 'खड्ड्याभोवती कुंपण मिळावे.' खाण बंद पडून तीस वर्षं झाली, त्या तीस वर्षांत वस्तीनं केलेला हा पहिला अर्ज. पहिल्याच अर्जाला माणूस आला म्हणून आम्ही काय खूश! सासूबाईंनी तर ओटा दोनदा धुतला.

आमची वस्ती म्हणजे समोरासमोर दोन चाळी, चव्वेचाळीस खोल्या. त्यातल्या बारा खोल्यांत चूल पेटते. बाकीच्यांत रान शिरलंय. एका खोलीतून झाड उगवलं ते कौलं फोडून वर गेलं, त्याला आम्ही 'वरच्या मजल्यावरचे' म्हणतो. चारी बाजूंनी जंगल, मधे ही वस्ती, एका अंगाला डोंगराच्या पोटात खाणीचं तोंड आणि तोंडाच्या पलीकडच्या अंगाला टेकाडावर मॅनेजरचा जुना बंगला. बस्स, एवढंच.

पण या एवढ्याशा जागेत कधीकाळी एका पाळीला तीनशे दिवे आत जायचे. तांब्याची खाण ही. दगडाला हिरवी झाक दिसली म्हणून कंपनी आली, कंपनीनं जंगल तोडून वाट काढली, आणि त्या वाटेनं चार मुलखांतली, चार भाषा बोलणारी माणसं आली. पुरुष आत उतरले. बाया वर उन्हात बसून हातोडीनं दगड फोडायच्या, हिरवा एका बाजूला, कोरा दुसऱ्या. सासूबाईंनी बावीस वर्षं दगड निवडले. अजूनही धान्य निवडायला बसल्या की खडा असा काही फेकतात, की समोरचा डोळे मिटून घेतो. मग एका सोमवारी भोंगा झालाच नाही. ज्यांना गाव होतं ते गावी गेले. ज्यांना नव्हतं ते थांबले. त्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांत होईल परत भोंगा. तोवर कुणी मध काढायला शिकलं, कुणी पानं गोळा करायला, आमचे हे लाकडाच्या गिरणीत पंप आणि पाती बघायला लागले. बंद खाणीच्या लोकांना रडत बसलेलं बघायला कुणी आलं असतं तर फसलं असतं. इथं कुणाला सवड नव्हती.

सासरे माझे ठोक्या. म्हणजे खाणीतलं त्यांचं काम ते. पाळी आत जायच्या आधी एकट्यानं पुढं जायचं, पहारेनं छताला ठोकत ठोकत. खणखणीत आवाज आला तर दगड जिवंत. भद्द आवाज आला तर वर पोकळ, तिथं लाकडी टेकू लावल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. त्यांनी ठोकून 'जा' म्हटलेल्या छताखाली एकही माणूस दबला नाही. ही गोष्ट ते कधी सांगत नाहीत. इतर सांगतात, तेव्हा ते उठून पाणी प्यायला जातात. आता त्यांचं वय एक्याऐंशी. सुरुंगांच्या आवाजानं कान गेलेत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या चाळीशी बोलायचं.

मोजणीसाहेब बंगल्यावर उतरले. चाळिशीचा, किडकिडीत, पोटानं जरा नाजूक असलेला सभ्य माणूस. जवळ कंपनीचा जुना नकाशा होता. वाळवीनं त्याचा नेमका पुढचा भाग खाल्ला होता. मुख्य बोगदा दिसत होता, त्याचे दोन फाटे फुटताना दिसत होते, आणि तिथून पुढं वाळवी. भोक पडलं होतं ते फाट्यांच्या अलीकडं, त्यामुळं त्यावरूनही काही कळेना.

"इथला जुना जाणकार कोण?" त्यांनी विचारलं.

मामंजींनी पेटीतला कोट काढला. तीस वर्षांत त्यांना कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं.

खाणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून साहेब बसले. मी मामंजींच्या कानाशी.

"आजोबा, फाटे किती होते?"

"फाटे!" मी ओरडले. "किती!"

"दोन. डावी आणि उजवी."

"लांब कुठली गेली?"

"डावी," मामंजी म्हणाले. "डावीनंच तर वस्ती पोसली, साहेब. एकशे ऐंशी पावलं सरळ, मग चढ. तांबं वर वर पळत होतं, आम्ही त्याच्या मागं. शेवटी डोक्यावर दगड उरला दोन माणूस उंचीचा. मी तेव्हाच म्हटलं, बास. वरच्यांच्या खुर्च्या सरकलेल्या खाली ऐकायला येतात."

साहेबांची पेन्सिल थांबली. "म्हणजे वर घर होतं?"

"होतं म्हणजे? अजून आहे की!"

"आणि उजवी?"

"उजवी वीस पावलांवर मेली. कोरा दगड. पुढं कुणी हात लावला नाही."

साहेबांनी उठून मामंजींशी हात मिळवला. असा हात त्यांच्याशी आजवर कुणी मिळवला नव्हता. घरी येईपर्यंत ते तो जरा लांबच धरून चालत होते.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर रंगाचा डबा घेऊन आला आणि बाराही दारांवर लाल गोळे काढून गेला. मागोमाग कागद चिकटवला. 'सदर वस्ती पोकळ जमिनीवर असून राहण्यास अयोग्य आहे. एकवीस दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्यात.' शहरात चौथ्या मजल्यावर खोल्या मिळणार होत्या, तात्पुरत्या. तात्पुरत्या म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही इथं तात्पुरतेच थांबलो होतो.

"कुंपण मागितलं होतं आम्ही," हे साहेबांना म्हणाले.

"कुंपण घालून काय उपयोग?" साहेब खरंच हळहळत होते. "तुमची घरंच पोकळीवर आहेत. तुमच्या वडिलांनीच सांगितलं. त्यांचे उपकार माना. उद्या सगळं खाली गेलं असतं."

बातमी नळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मी हंडा घेऊन गेले तर शिंपीणबाईंनी माझ्याकडं पाठ केली. एकट्या राहणाऱ्या बाई, साठी ओलांडलेल्या. एका पायशिलाईच्या मशीनवर स्वतःला आणि त्या शेळीला पोसतात.

"तुझ्या सासऱ्यांना कोट घालून मिरवायचं होतं, मिरवले," त्या नळाशी बोलल्यासारख्या बोलल्या. "आता मी मशीन डोक्यावर घेऊन चौथा मजला चढते. आणि शेळीला खिडकीतून खाली चरायला सोडते."

मी हंडा भरून घरी आले. मामंजी भिंतीला टेकून बसले होते, कोट अंगात तसाच. त्यांनी कागदाची गोष्ट आठ वेळा ऐकून घेतली होती आणि आठही वेळा त्यांना ती कळली नव्हती.

"पण आपल्या खाली तर उजवी," ते म्हणाले. "उजवी मेलेली."

"तुम्हीच म्हणालात डावी लांब गेली!" हे वैतागून ओरडले.

"गेलीच लांब. बंगल्याखाली गेली. चाळीखाली कशी जाईल? चाळ उजव्या हाताला."

मी ताटं वाढत होते. ती तशीच ठेवून दारात गेले. दारातून खाणीचं तोंड दिसतं. तिथं तोंडासमोर उभी आहे असं मनात धरलं आणि माझे दोन्ही हात बघितले. चाळ माझ्या डाव्या हाताला. बंगला उजव्या.

मग तोंडाकडं पाठ केली. आता चाळ उजव्या हाताला.

"अहो," मी यांना म्हटलं, "साहेब बाहेरचे आहेत."

"मग?"

"मग काय? डावं-उजवं!"

यांनी एकदम कपाळावर हात मारून घेतला.

मला हे सुचलं यात माझी हुशारी काही नाही. मीही बाहेरचीच. लग्न होऊन आले तेव्हा खाण चालू होती. पहिल्याच आठवड्यात यांनी निरोप पाठवला, 'तोंडाशी डाव्या हाताला दिवेखोली आहे, तिथं डबा ठेव.' मी डावीकडं गेले तर तिथं पुरुषांची मोरी. दोन दिवस मी कुणाला तोंड दाखवलं नाही. तेव्हा सासूबाईंनी सगळं सांगितलं होतं.

खाणीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा सुरुंगाचा धूर आत कोंडला. दिवे विझले. नऊ माणसं आत चाचपडत होती. एकजण ओरडला, 'डावीकडं या, डावीकडं वारा आहे!' त्याची डावी वेगळी, ऐकणाऱ्यांची वेगळी. कुणी आत चाललेलं, कुणी बाहेर. निम्मे वाऱ्याकडं गेले, निम्मे पार उलटे. सगळे वाचले, पण शेवटचा माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर आला. त्यानंतर मुकादमानं सगळ्यांना बसवून ठरवून टाकलं, की आत माणसाचं तोंड कुठंही असू दे, डावं-उजवं बोलायचं ते घराकडे तोंड करून. आत जातानाही. पाठमोरा चाललोय असं समजायचं. चार भाषा बोलणारी माणसं, त्यांचं दुसऱ्या कशावर कधी एकमत झालं नाही, पण हे सगळ्यांनी आपापल्या भाषेत उचललं. खाणीतला दगड संपला तरी हे बोलणं राहिलं. खाणीबद्दल बोलताना मामंजींच्या मनात दुसरी डावी येतच नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. फक्त घराकडे तोंड करून सांगितलं होतं.

सकाळी आम्ही चौघं बंगल्यावर गेलो. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हसले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "ताई, मी तुमच्या जागी असतो तर मीही काहीतरी सांगितलं असतं. पण साक्षीत डावं म्हणालेला माणूस, घर जायची वेळ आल्यावर उजवं म्हणतोय. वर मी काय लिहू?"

"जे आहे ते लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"पुराव्याशिवाय रेघ पुसता येत नाही, आजी."

"यंत्र असतं ना म्हणे, जमिनीतलं दाखवणारं?" यांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी मिळेल. तोवर तुमची मुदत संपते."

सासूबाईंनी पायरीखालच्या जमिनीवर टाच आपटली. "पोकळी इथं आहे. तुमच्या पायाखाली. दाखवली तर?"

साहेब थकल्यासारखे हसले. "दाखवा. खणा. मी कुठं नाही म्हणतोय?"

असं ते बोलायला नको होते. म्हणजे, दुसऱ्या कुणाशी बोलले असते तर चाललं असतं.

जागा मामंजींनी शोधायची होती. कान तर नाहीत. त्यांनी चपला काढल्या. बंगल्याच्या अंगणात ते अनवाणी फिरले, मधूनच थांबून पहार जमिनीत रोवायचे, खाली गुडघे टेकून तिची वरची मूठ जबड्याच्या हाडाला लावायचे, आणि मला खूण करायचे. मी वीतभर अंतरावर घणानं ठोकायची. ते डोळे मिटून घ्यायचे. हलवलेली मान म्हणजे पुढं. कातडीची सुरकुती न् सुरकुती ताणून तो म्हातारा हाडानं ऐकत होता. साहेब व्हरांड्यात चहा पीत बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी कप खाली ठेवला.

व्हरांड्याच्या पायऱ्यांपासून सहा पावलांवर मामंजी थांबले. तीनदा ठोकायला लावलं. मग तिथं थुंकले, खूण म्हणून, आणि साहेबांकडं बघून ओशाळले.

"इथं," ते म्हणाले.

हातानं भोक पाडायची लांब छिन्नी असते, तिला खाणीत सुई म्हणतात. हातभर सुई, पुरुषभर सुई, दीड पुरुष सुई. खाण गेली तशा सुया घराघरांत गेल्या. कुणाकडं ती कपडे वाळत घालायची काठी झाली होती, कुणाकडं दाराचा अडसर. हे घरोघर फिरले, सुया जमवून भट्टी पेटायला पाच-सहा दिवस गेले. यांचा उजवा खांदा गिरणीत ओंडका पडून गेलाय, हात छातीच्या वर जात नाही. तेव्हा ठोकायला आम्ही दोघी सासू-सुना, आणि भट्टीपाशी हे. सुयांना धार लावायची, दोन सुया जोडून लांब करायच्या, बोथट झाली की परत तापवायची.

माती कंबरेएवढी निघाली, ती एका दिवसात काढली. मग दगड. सासूबाई सुई धरून बसायच्या, मी घण मारायची. प्रत्येक घावाला त्या सुई किंचित फिरवायच्या, पाव फेरा, जास्त नाही. त्यांचं वय शहात्तर. घण चुकला तर मनगट जाणार, पण त्या माझ्या हाताकडं बघायच्याच नाहीत; सुईकडं बघायच्या. पहिल्या दिवशी मी घाबरत हळू मारत होते.

"अगं, तू काय दगडाला झोपवतेयस का?" त्या म्हणाल्या. "मार."

मारलं. संध्याकाळपर्यंत वीतभर भोक झालं आणि माझ्या तळहातांवर चार फोड. भोकातली भुकटी काढायला लांब दांड्याची पळी होती, तिनं मामंजी भुकटी उपसायचे, चिमटीत घेऊन चोळायचे, वास घ्यायचे आणि पालथ्या डब्यावर ओळीनं पुड्या मांडायचे. रोजची एक पुडी.

भोक खोल झाल्यावर घण संपला. मग जोडलेली लांब सुई दोघींनी मिळून उचलायची आणि सोडायची. तिच्याच वजनानं ती दगड खाते. उचल, सोड, पाव फेरा. उचल, सोड. खांदे आधी ओरडतात, मग मुके होतात, मग रात्री अंथरुणावर पडलं की परत बोलतात. पावसाळा नुकताच सरला होता, तरी दुपारी अंगण तव्यासारखं तापायचं. डोक्याला फडकं गुंडाळून आम्ही लागायचो. साहेब रोज संध्याकाळी भोकात दोरी सोडून खोली लिहून घ्यायचे. "दीड हात झालं," असं ते म्हणायचे तेव्हा आवाजात आमचं कौतुक येऊ नये याची काळजी घ्यायचे.

पाचव्या दिवशी शिंपीणबाई दुखरा पाय ओढत आल्या. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सरक," मग मला म्हणाल्या.

"अहो, तुमचा पाय..."

"पायानं उचलायचंय का? सरक म्हणते ना. तुझ्या हाताला ताल नाही. मी बघतेय केव्हाची. तुझी सुई दर वेळी उशिरा पडते."

बावीस वर्षं पायानं मशीन चालवलेली बाई. तिचा ताल असा पक्का, की सासूबाई आणि ती लागल्या तेव्हा मला नुसतं बघत राहावंसं वाटलं. एक शहात्तरची, एक साठीची, एकमेकींकडं न बघता सुई उचलायच्या आणि बरोबर एका क्षणी सोडायच्या. मधे मधे बोलणं चालू.

"मी नळावर जे बोलले," शिंपीणबाई म्हणाल्या.

"उचल," सासूबाई म्हणाल्या.

झालं. माफी मागून झाली आणि देऊन झाली.

मग एकेक जण येत गेलं. मधवाला आणि त्याची बायको दुपारच्या पाळीला. पानं वेचणाऱ्या बहिणी सकाळी. पाळी हा शब्द तीस वर्षांनी वस्तीत परत ऐकू आला. मी जेवणाचा डबा घेऊन पोचायची तेव्हा मामंजी सुईजवळ बसलेले असायचे, पाळी बदलताना येणाऱ्याच्या तळहातावर कापडाची पट्टी स्वतः बांधून देत.

नवव्या दिवशी दगड बदलला. सुई पडली की खाली टण्ण वाजून उसळायची. दिवसभरात दोन बोटं. यांनी चार वेळा धार लावली, चारही वेळा बोथट. दहाव्या दिवशी एक बोट. मुदतीला चार दिवस उरले होते, आणि मामंजींनी सांगितलेल्या खोलीच्या आम्ही हातभर पुढं गेलो होतो. दोन माणूस उंची केव्हाच झाली होती.

दुपारी मामंजी पुड्यांच्या ओळीपाशी बसले होते. एकेक पुडी उघडून बघत. मी पाणी घेऊन गेले.

"चुकलो असेन," ते म्हणाले. त्यांच्या मते हळू, म्हणजे अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं. सुई थांबली. "तीस वर्षं झाली. दोन पावलं इकडं तिकडं झाली असतील. जबड्यात आता दात तरी कुठं आहेत. लोकांना उगाच राबवलं मी."

मधवाला हात पुसत राहिला. मला वाटलं, आता सगळं सुटेल. दमलेल्या माणसांना थांबायला एवढं कारण पुरतं.

सासूबाई उठल्या. त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तोंड दिसेल अशा.

"अहो," त्या ओरडल्या, "तुम्ही 'जा' म्हणालात की माझा भाऊ आत जायचा. हिचा नवरा जायचा. याचा बाप जायचा. कुणी तुम्हाला कधी विचारलं, नक्की का? नाही ना? मग आज तुम्ही का विचारताय?"

मामंजींनी शेवटची पुडी परत उघडली. भुकटी जिभेवर ठेवली. मग तळहातावर पसरून उन्हात धरली आणि मला जवळ बोलावलं.

"काय दिसतं?"

"हिरवं," मी म्हटलं. अगदी बारीक, पण हिरवं होतं.

"डावीचं छत हे," ते म्हणाले. "असंच कडक होतं. तिथं सुरुंगसुद्धा रुसायचा." आणि हसले; त्या दहा दिवसांत पहिल्यांदा. "मी दोन माणूस म्हटलं ना? तेव्हा मी उंच होतो गं."

अकराव्या दिवशी चहाच्या सुमाराला सुईवर शिंपीणबाई आणि मी होतो. मी ताल धरायचा प्रयत्न करत होते आणि त्या मला बोलत होत्या. उचलली. सोडली. आणि सुई थांबलीच नाही. हातातून सरकन् निघून गेली, तळहाताची साल घेऊन. वरचा आडवा दांडा भोकाच्या तोंडावर आपटून अडकला म्हणून वाचली. आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर.

भोकातून एक लांब सुस्कारा आला. थंड, ओल्या दगडाचा, जळक्या तेलाचा. तीस वर्षं कोंडलेला वारा. मामंजी चार पायांवर भोकाशी गेले आणि त्यांनी तोंड त्या वाऱ्यावर धरलं. केस भुरभुरत होते. बाकीचे आम्ही मागं उभे राहिलो. ते त्यांचं होतं.

"साहेब," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "या. हात धरा."

साहेबांनी हात धरला. मग दोरीला वजन बांधून खाली सोडलं. दगड संपला, त्यापुढं दोरी जात राहिली. पुरुषभर गेली, आणखी थोडी, मग वजन टेकलं. साहेबांनी दोरीवर गाठ मारली, टेप लावली, वहीत आकडा लिहिला. मग सहा पावलं दूर असलेल्या व्हरांड्याकडं बघितलं. व्हरांड्यात त्यांची खाट होती.

"याच्याच बरोबर वर?" त्यांनी विचारलं आणि खाट ओढायला निघाले.

"खाट कशाला सरकवता?" सासूबाई म्हणाल्या. "खालच्यांना ऐकू येईल."

बिचारे हसलेसुद्धा. त्याच संध्याकाळी त्यांनी खाणीच्या तोंडाशी उभं राहून नवीन रेघ मारली. मारण्याआधी तोंडाकडं पाठ केली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वस्तीची नोटीस रद्द झाल्याचा कागद ड्रायव्हर शहरातून शिक्का मारून आणणार होता. आणि अहवालात त्यांनी लिहिलं, की पोकळी बंगल्याखाली असून सदर इमारत राहण्यास अयोग्य आहे.

त्यामुळं अंधार पडायच्या आत साहेब वळकटी खांद्यावर टाकून, नकाशांची नळी काखेत धरून आमच्या ओट्यापाशी आले. मोजणीचं आणि खड्ड्याच्या कुंपणाचं काम आणखी दहा-बारा दिवसांचं होतं. घसा खाकरून उभे राहिले.

"आजी, इथं एखादी खोली..."

"बत्तीस आहेत," सासूबाई म्हणाल्या. "झाड नसलेली हवी का?"

त्यांनी केरसुणी आणून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती घेतली. कुठून धरायची ते त्यांना माहीत नव्हतं, शिंपीणबाईंनी धरून दाखवलं आणि दोन मिनिटं उभं राहून झाडलोटीत चुका काढल्या. मधवाल्याच्या बायकोनं दिवा दिला. मामंजींनी खोलीत जाऊन चारी कोपऱ्यांत टाच आपटली, मग बाहेर येऊन साहेबांना मोठ्यानं म्हणाले, "जा."

सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेले तर रांगेत सातवे साहेब. हातात बादली, डोळे झोपेनं सुजलेले, विजार गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली. पुढं शिंपीणबाई होत्या, मागं पानं वेचणाऱ्या बहिणी. नळाची धार बारीक होती. कुणी त्यांना पुढं घातलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. नंबर आला तेव्हा बादली लावली.